काजळी कोणी काढायची?

टू-स्ट्रोक स्कूटर चढावर दम टाकू लागली, पिकअप गेला, सायलेन्सरचा आवाज बसका झाला की भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडसारख्या रस्त्यावरचा कोणताही जुना मेकॅनिक एकच निदान करतो: कार्बन धरला आहे, हेड खोलावे लागेल. मग प्लग निघतो, हेडचे नट आलटूनपालटून सैल होतात आणि आतली काळी पुटे उजेडात येतात. पिस्टनच्या माथ्यावर ती असतात, हेडच्या खोलगट भागात असतात आणि एक्झॉस्ट पोर्टाच्या तोंडाशी तर इतकी दाटलेली असतात की धुराची वाट अर्धी बुजलेली असते. इंजिनाचे काही तुटलेले नसते. ते आपल्याच जळणाने गुदमरलेले असते.

ही काजळी बाहेरून आलेली नसते. रस्त्यावरची धूळ किंवा पावसाचा चिखल तिला कारण नाही. इंजिन चालले म्हणून ती साचली आणि चालत राहिले तर पुन्हा साचणार. माणसाच्या कर्माबद्दल भारतीय धर्मपरंपरांनी हाच प्रश्न दोन-अडीच हजार वर्षे घोळवला आहे. काहीही केले तरी मागे मळ उरणार असेल, तर शुद्ध राहणे म्हणजे नेमके काय? काहीच न करणे, की करत राहणे आणि काढत राहणे? आणि काढलेला मळ शेवटी जातो कुठे?

हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आधी यंत्राची बाजू पाहू. आज आपण ओळखतो तो साधा टू-स्ट्रोक इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे याने १८९०च्या आसपास घडवला. त्यात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीलाच भोके असतात आणि वर-खाली होणारा पिस्टन ती उघडतो, झाकतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये जाते आणि तिथून वर येते. खालची ही जागा मिश्रणाच्या वाटेवरच असल्याने तिथे फोर-स्ट्रोकसारखे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. ते जाता जाता बेअरिंगला आणि सिलिंडरला वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर ज्वालेत जाते. पेट्रोल चटकन जळते, तेल तितके सहज जळत नाही. त्याचा आधी चिकट थर बसतो, उष्णतेने तो करपतो आणि दगडासारखा टणक होतो. हा थर उष्णता धरून ठेवतो. कधी तो इतका लालबुंद होतो की प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच मिश्रण पेटते. रिंगच्या खाचेत शिरला तर रिंग जखडते आणि दाब गळू लागतो.

महाराष्ट्राला हे इंजिन परके नाही. आकुर्डीची बजाज चेतक आणि फिरोदियांची लूना, दोन्ही १९७२ साली आल्या. नोकरदार, शिक्षक, दूधवाले, शेतकरी अशा कितीतरी घरांचा संसार त्यांच्यावर वाहिला गेला. पेट्रोल पंपावर टाकीत माप लावून ऑइल ओतणारा माणूस ही त्या काळाची ओळख होती. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी रस्त्यावरून ही इंजिने हटली, पण संपली नाहीत. गवत कापायचा ब्रश कटर, फवारणीचा पाठीवरचा पंप, झाडे तोडायची चेनसॉ यांत ती आजही तडतडत असतात आणि कार्बन काढायला गॅरेजात येतात.

आता धर्माची बाजू. मीरा-भाईंदरमध्ये जैन समाज मोठा आहे. भाईंदर पश्चिमेचे बावन जिनालय आणि ठिकठिकाणचे उपाश्रय पर्युषणात गजबजून जातात. या समाजाच्या तत्त्वज्ञानात कर्माची जी कल्पना आहे, ती गॅरेजातल्या माणसाला एका वाक्यात समजावी अशी आहे. इतर बहुतेक दर्शनांत कर्म म्हणजे अदृश्य संस्कार किंवा हिशेब. जैन दर्शनात कर्म ही वस्तू आहे. ते पुद्गल आहे, अतिसूक्ष्म पण खरेखुरे द्रव्य. ते जीवाकडे वाहत येते, त्याला चिकटते आणि त्याचे मूळचे ज्ञान, मूळचे बळ झाकून टाकते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांतला मोठा भाग या एका व्यवहाराला दिलेला आहे. कर्म आत येण्याला आस्रव म्हणतात, चिकटण्याला बंध. येणे थोपवण्याला संवर आणि चिकटलेले झाडून काढण्याला निर्जरा. शेवटी मोक्ष. हा क्रम एखाद्या दुरुस्तीच्या वहीसारखा व्यवहारी आहे. मळ कुठून येतो ते ओळखा, का चिकटतो ते शोधा, येणे बंद करा, मग साचलेला काढा.

कर्म चिकटते कशामुळे, याचे जैन उत्तर फार नेमके आहे. मन, वाणी आणि शरीराच्या हालचालीने, म्हणजे योगाने, कर्म ओढले जाते. पण ते टिकते कषायांमुळे, म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभ यांच्यामुळे. परंपरेतला दाखला अंगाला तेल लावलेल्या माणसाचा आहे. धूळ सगळ्यांवरच उडते, पण तेलकट अंगावर ती बसून राहते. शास्त्रकार याहून पुढे जातात. किती आणि कोणत्या जातीचे कर्म आले हे हालचालीवर ठरते. ते किती काळ टिकेल आणि किती तीव्र फळ देईल, हे मात्र कषायावर ठरते. ज्याचे कषाय संपले आहेत त्यालाही कर्म स्पर्श करते, पण लगेच निघून जाते. त्याला ईर्यापथ म्हणतात.

दुचाकीच्या भाषेत सांगायचे तर धावण्याने जळण होणारच, पण पूट किती चिवट बसेल हे तेलावर ठरते. जुन्या इंजिनांना पेट्रोलच्या वीस भागांना एक भाग तेल लागे. सुधारलेल्या रचनेत आणि चांगल्या तेलात ते पन्नासाला एकावर आले. तेल जितके कमी आणि जितके स्वच्छ जळणारे, तितकी काजळी कमी. आजच्या टू-टी ऑइलमध्ये राख न ठेवणारी रसायने वापरतात, ती याचसाठी. हा संवर आहे: मळ आत येण्याआधीच थोपवणे.

पण तेल शून्यावर आणता येत नाही. तसे केले तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला जखडतो. इथे तत्त्वचिंतकाने थांबून विचार करण्यासारखे आहे. जैन परंपरेने सर्वांना एकच माप लावलेले नाही. साधूंना महाव्रते आणि गृहस्थांना अणुव्रते. संसार चालवणाऱ्याने आसक्ती एकदम तोडली तर घर बंद पडेल, हे परंपरेला ठाऊक होते. म्हणून त्याच्यासाठी तिने प्रमाण ठरवून दिले. आचार्य तुलसींनी १९४९ साली अणुव्रत आंदोलन सुरू केले, तेव्हा हीच लहान मापाची व्रते सर्वधर्मीय माणसांपुढे ठेवली. पूर्ण निर्मळपणा हे दूरचे ध्येय राहू द्या, आज प्रमाण सुधारा, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

साचलेले काढायचे कसे, यावर गॅरेजात दोन मार्ग आहेत. एक खरवडण्याचा, दुसरा जाळण्याचा. सायलेन्सर आतून हाताला लागत नाही, म्हणून तो तापवून आतला कार्बन जाळतात किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून सैल करतात. पिस्टन आणि पोर्ट मात्र हाताने. आणि त्यातला पहिला नियम असा की हत्यार धातूपेक्षा मऊ हवे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर स्क्रू ड्रायव्हर चालवला तर कार्बन निघतो, पण ओरखडे राहतात आणि त्या ओरखड्यांत नवा कार्बन आधीपेक्षा घट्ट बसतो. म्हणून जाणता कारागीर बांबूची चिपटी किंवा लाकडाची पट्टी घेतो. रिंगच्या खाचेसाठी जुन्या तुटक्या रिंगचाच तुकडा वापरतो. पोर्ट बाहेरून साफ करताना पिस्टन त्यावर आणून ठेवतो, म्हणजे खपल्या आत पडत नाहीत.

तपाबद्दलचा जुना वाद इथे आठवतो. निर्जरेचे मुख्य साधन तप, असे जैन मत. कर्म फळ देऊन आपोआप गळते ती सविपाक निर्जरा, आणि तपाच्या आचेने वेळेआधी गळवले जाते ती अविपाक. लांब पल्ल्याच्या वेगवान धावेत इंजिनातला काही कार्बन आपसूक जळून जातो आणि गल्लीबोळात मंद चालणाऱ्या गाडीत तो अधिक साचतो, हे गाडी चालवणाऱ्यांना माहीत असते. बंधाच्या पाच कारणांत शास्त्राने प्रमादाला, म्हणजे गाफील मांद्याला, जागा दिली आहे ती उगीच नाही.

बुद्धांनी मात्र कठोर तप करून पाहिले आणि सोडले. पाली त्रिपिटकातल्या मज्झिम निकायात त्यांचा निर्ग्रंथ, म्हणजे जैन, साधूंशी झालेला संवाद आहे. बुद्ध त्यांना विचारतात: मागच्या कर्मांपैकी किती झिजले आणि किती उरले, हे तुम्हाला कळते का? साधू आपल्या गुरूंच्या सर्वज्ञतेकडे बोट दाखवतात. बुद्धांचा प्रश्न फार टोकदार आहे. मोजता येत नसेल तर देहाला दिलेला त्रास मळ काढतो आहे की धातूच खरवडतो आहे, हे कसे ठरवायचे?

या प्रश्नाला गॅरेजातल्या कामात उत्तर सापडते. मेकॅनिक दरवेळी हेड खोलत नाही, तो आधी प्लग काढून पाहतो. प्लगचे टोक कॉफीसारखे तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, काळे आणि ओले असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त होते आहे. आतल्या स्थितीची बाहेरची खूण असते. साधनेतही तीच कसोटी धरायला हवी. उपवास किती झाले यापेक्षा राग किती उतरला, समोरच्याचे ऐकून घेण्याची ताकद किती वाढली, हे पाहावे. ज्या तपाने माणूस अधिक तुसडा आणि अधिक अहंकारी होतो, त्या तपाने ओरखडेच पाडले आहेत, हे कोणत्याही संप्रदायाच्या माणसाने मान्य करावे.

अद्वैती इथे हरकत घेईल. आत्मा मुळात मळलेलाच नाही, मळ हा भास आहे, ज्ञान झाले की तो उरत नाही, असे तो म्हणेल. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाचा अग्नी सर्व कर्मांची राख करतो असे सांगितलेच आहे. गंमत अशी की जैनही जीवाचा स्वभाव निर्मळच मानतात. पुटाखालचा धातू शाबूत आहे, यावर दोघांचे एकमत आहे. मतभेद पुढे आहे. जैन म्हणतात, ज्ञान हवेच, पण नुसत्या ज्ञानाने भागत नाही. दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य तिन्ही मिळून मार्ग होतो. कार्बन धरला आहे हे कळल्याने कार्बन निघत नाही. या मुद्द्यावर जैनांचे म्हणणे अनुभवाच्या जास्त जवळ जाते. आपल्यातला दोष ओळखणारी माणसे पुष्कळ असतात. ओळखलेला दोष काढायला बसणारी थोडी.

आणि काढायला बसायचे ते कधी? वेळापत्रकाने. गाडी बंद पडेपर्यंत थांबणारा मालक नेहमी जास्त खर्च करतो. जुन्या स्कूटरींच्या पुस्तिकांत अमुक हजार किलोमीटरला कार्बन काढा असे छापलेले असे, गाडी चांगली चालत असली तरी. धर्मांनीही हेच केले. जैनांचे प्रतिक्रमण रोज सकाळ-संध्याकाळ असते, मग पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे संवत्सरीचे. बौद्ध भिक्खू दर पंधरवड्याला उपोसथाला जमून नियमांचे पठण करतात आणि आपले दोष सांगतात. कॅथलिक चर्चने १२१५ सालच्या लॅटरन परिषदेत प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. भाईंदरपासून जवळच उत्तनच्या कोळीवाड्यात उपवासकाळ पाळला जातो, मीरा रोडच्या नयानगरमध्ये रमजान. श्रद्धा वेगळ्या, देव वेगळे, पण मळ हळू आणि नकळत साचतो, म्हणून तो काढायचा दिवस आधीच ठरवून ठेवावा, ही समज सर्वांची एक आहे.

आता तो राहिलेला प्रश्न. निघालेली काजळी जाते कुठे?

गॅरेजात तिचे उत्तर डोळ्यांसमोर असते. ती पोऱ्याच्या हाताला जाते. त्याच्या नखांत, तळव्याच्या रेघांत, मनगटाच्या सुरकुत्यांत ती बसते आणि साबणाने निघत नाही. पार्ट धुतलेले काळे पेट्रोल आणि कॉस्टिकचे पाणी बहुतेकदा गटारात जाते. गटाराचे पाणी शेवटी खाडीलाच मिळते. इंजिन साफ झाले, पण मळ फक्त जागा बदलून गेला.

काजळी हाताला लागणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवले की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे जो विशिष्ट कर्करोग होतो, त्याचे कारण कातडीच्या घड्यांत साठणारी काजळी आहे. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिल्या काही नोंदींपैकी एक. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था काजळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. श्रीमंतांची चूल स्वच्छ जळत होती, कारण कोणा मुलाच्या अंगावर तिचा मळ उतरत होता.

आपल्या समाजाने याहून मोठा अन्याय केला. मळ काढणाऱ्यालाच मळका ठरवले. गीतेच्या अठराव्या अध्यायात अग्नी जसा धुराने, तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, म्हणून आपले सहज कर्म सोडू नये, असे सांगितले आहे. कर्माला दोष चिकटतोच हे निरीक्षण खरे आहे आणि धीर देणारेही. पण हे वचन ज्या संदर्भात येते, तिथे कामाची वाटणी वर्णानुसार लावलेली आहे, आणि शतकानुशतके त्याचा वापर एकाने धूर करावा आणि दुसऱ्याने जन्मभर काजळी पुसावी, हे पटवण्यासाठी झाला. धूर सर्वांचा असेल तर झाडूही सर्वांच्या हातात हवा. काजळी कोणी काढायची, हा प्रश्न ज्याने उलटा विचारला, त्याने महाराष्ट्राला शुद्धीचा नवा अर्थ दिला.

तो माणूस गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावात आले की ते आधी झाडू हातात घेत, रस्ते, गटारे साफ करत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडणे आणि कीर्तन ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. दिवसा गावातला मळ काढायचा आणि रात्री माणसांच्या डोक्यातला. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तोवर हा क्रम सुटला नाही. जन्माने ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे कपडे धुण्याचे काम होते, त्या घरातल्या माणसाने साऱ्या गावाची सफाई स्वतःहून अंगावर घेतली आणि तिलाच पूजेचा मान दिला.

संवत्सरीच्या दिवशी जैन माणूस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, तेव्हा तो देवाकडे जात नाही. तो ज्यांना दुखावले असेल त्या माणसांकडे, जीवांकडे जातो. आपला मळ दुसऱ्यावर उडाला असेल याची ती कबुली आहे. शुद्धी ही एकट्याची गोष्ट नाही हे ज्ञान त्या रिवाजात आहे. त्याचा आवाका वाढवण्याची गरज आहे. जे आपल्या वतीने काजळी काढतात, मग तो गॅरेजातला पोऱ्या असो, गटारात उतरणारा सफाई कामगार असो की घरातली मोलकरीण, ते सहसा त्या क्षमायाचनेच्या यादीत नसतात.

म्हणून शुद्ध राहणे म्हणजे काय, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते. काम केले की काजळी धरणारच. म्हणून काम थांबवायचे नाही आणि काजळी धरलेली नाही असेही म्हणायचे नाही. तेलाचे प्रमाण सुधारायचे, ठरल्या दिवशी हेड खोलायचे, मऊ हत्याराने खरवडायचे आणि निघालेल्या मळाची जबाबदारी शेवटपर्यंत स्वतःची मानायची. चौथी गोष्ट वगळली तर पहिल्या तीन गोष्टींनी होते ती फक्त आपली सोय.

या जबाबदारीची सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होऊ शकते. जुनी टू-स्ट्रोक गाडी किंवा ब्रश कटर कार्बन काढायला द्याल, तेव्हा काम करणाऱ्याला नायट्राइलचे हातमोजे घेऊन द्या. त्यांचा खर्च बिलात धरायला सांगा. कार्बन कोरडा खरवडून पुडीत बांधायला सांगा, पार्ट धुतलेले पेट्रोल गटारात न ओतता डब्यात साठवायला सांगा. वापरलेले तेल केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचरा आहे. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे, हे गॅरेजमालकाला विचारून खात्री करून घ्या. आणि येत्या संवत्सरीला, दिवाळीच्या साफसफाईला किंवा तुमच्या श्रद्धेत जो दिवस असेल त्या दिवशी, ज्याच्या हाताला तुमच्या घरातली काजळी लागते त्या माणसाला नावाने हाक मारून भेटा.